सांगितलेलं औषध

माझ्या बायकोला केमोचे सहा डोस द्यायचे होते. मोठ्या आतड्यातली गाठ ऑपरेशन करून काढली होती, पण लिव्हरवर दोन ठिपके राहिले होते. सोलापूरच्या डॉक्टरांनी कागदाच्या मागच्या बाजूला लिव्हरचं चित्र काढून आम्हाला समजावलं. सहा डोस नीट झाले आणि ठिपके आकसले, तर दुसरं ऑपरेशन करून ते काढता येतील. आकसले नाहीत तर करता येणार नाही.

"मग काय?" तिनं विचारलं.

"मग औषधांवर जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवायचं."

इतकं सरळ बोलणारा डॉक्टर मला बरा वाटला. तिला नाही वाटला. जिन्यावरून उतरताना ती म्हणाली, "तुमचाच भाऊ शोभतो."

नळदुर्गजवळ हायवेला माझा वजनकाटा आहे. उसाचे ट्रॅक्टर, सोयाबीनचे ट्रक, खडीचे टिप्पर काट्यावर येतात. आधी भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी, आणि दोन्हीतला फरक म्हणजे माल. वीस वर्षं हेच काम केल्यामुळं आकडा कळल्याशिवाय मला गोष्ट कळत नाही. डॉक्टरांनी जुलाबाबद्दल सांगितलं तेव्हाही मी पहिलं हेच विचारलं, की कितीला घाबरायचं? ते म्हणाले, रोजच्यापेक्षा चारने वाढलं तर फोन करा, सातने वाढलं तर घेऊनच या. आणि पहिली पातळ झाली की थांबू नका, लगेच ह्या दोन गोळ्या द्या. बाकी उलट्या, केस जाणं हे सोसता येतं. ह्या औषधात माणूस खचतो तो जुलाबानं, असं ते म्हणाले.

पहिला डोस तसा निभावला. दुसऱ्याच्या वेळी माझ्या सासूबाई आल्या होत्या. त्या सास्तूरजवळच्या. मी त्यांना मामी म्हणतो. लेकीचं तोंड आलेलं, तळपाय जळजळणारे, तळहात काळे पडलेले बघून त्यांनी एकच ठरवलं, की अंगात उष्णता भरली आहे. केमो म्हणजे आगीचं औषध, आणि आग काढायची तर थंड द्यायचं. हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. भेटायला येणारा प्रत्येक माणूस काहीतरी थंड घेऊन येत होता. गुलकंदाच्या बरण्या, काळ्या मनुका, सब्जा, दुर्वांचा रस. मामी स्वतः कुंडीतली कोरफड सोलून तिचा गर सकाळी अनशापोटी देत होत्या.

चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले. मी काट्यावरून घरी आलो तर गोळ्यांचं पाकीट तसंच कपाटावर.

"गोळ्या दिल्या नाहीत?"

"जाऊ द्या की जावई," मामी म्हणाल्या. "उष्णता भाईर पडायलीय. दाबून ठिवली तर डोळ्याला यील."

"किती वेळा झाली?"

"परसाकडंला गेल्याली कुणी मोजतंय व्हय?"

मी मोजायला लागलो. संध्याकाळपर्यंत अकरा. रात्री ती उठून भिंतीला धरून चालायला गेली आणि बसली ती उठलीच नाही. सोलापूरला नेईपर्यंत बोरामणीच्या पुढं एका धाब्यावर गाडी थांबवावी लागली. धाबेवाल्यानं आमच्याकडं एकदा बघितलं आणि बायकांचा संडास उघडून द्यायला स्वतः पुढं गेला. पुढचे चार दिवस सलाईनवर गेले. वजन सत्तेचाळीसचं त्रेचाळीस झालं. तिसरा डोस दोन आठवडे पुढं गेला. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी मात्रा एक चतुर्थांश कमी करतो. पण परत असं झालं तर हे औषध थांबवावं लागेल. आणि ह्याच्याइतकं चांगलं दुसरं माझ्याकडं नाही."

म्हणजे आता गाठीचा प्रश्न बाजूला राहिला होता. पोट टिकलं तर डोस, डोस टिकले तर ऑपरेशन, अशी ती साखळी झाली.

कोरफड, गुलकंद, मनुका मी बंद केलं. पोट मोकळं करणाऱ्याच ह्या वस्तू, हे मामींनाही ठाऊक होतं. बद्धकोष्ठाला त्याच देत असत. पण उष्णतेपुढं ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं म्हणूनच असेल, त्यांनी त्यांच्या गावाकडच्या औषध देणाऱ्याचा विषय काढला.

हगवणीवर औषध देणारा म्हातारा. शेती करतो, रविवारी औषध देतो, पैसे घेत नाही, नारळ तेवढा घेतो. औषध त्याच्या वडिलांकडून त्याच्याकडं आलेलं. मी मोटारसायकलवर मामींना मागं बसवून गेलो. ओट्यावर सात-आठ माणसं बसली होती. आमची पाळी आली तेव्हा मी सगळं सांगितलं. आजार, केमो, कधी सुरू होतं, किती होतं. तो ऐकून घेत होता.

"आधीच द्यायचं," तो म्हणाला. "त्या सुईच्या आदल्या दिसापासून. एकदा सुरू झाल्यावर माज्या पुडीचं काम न्हाय."

"काय आहे ह्यात, बाबा?"

ओट्यावरची माणसं हसली. एकजण म्हणाला, "पावणं नवं दिसत्यात."

"झाडाचं नाव सांगत न्हाईत," म्हातारा शांतपणे म्हणाला. "सांगितलं की गुण जातो. तुमीबी घराभाईर कुणाला सांगायचं न्हाय, हे घेताव म्हून. वांगं, आंबट, तेलकट बंद. आन् वाटंत कुठं न थांबता घरी जायचं."

मामींनी मला कोपर मारलं. मी पुड्या खिशात टाकल्या. जळकोटपाशी मोटारसायकलला पेट्रोल हवं होतं, पण मामींनी थांबू दिलं नाही. पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला असताना आम्ही घरी पोचलो.

भुकटी तपकिरी होती, अतिशय कडू. ताकातून सकाळ-संध्याकाळ. पहिल्या घोटाला बायकोनं डोळे मिटले आणि म्हणाली, "एवढं कडू हाय म्हंजी खरं असणार."

तिसरा डोस झाला. चौथ्या दिवशी मी काट्यावर गेलोच नाही. ती दोनदा जाऊन आली. पाचव्या दिवशी तीनदा, तेही घट्टसर. सातव्या दिवशी तिनं भाकरी मागितली. मामी देवापुढं बसून रडल्या. बायको कित्येक आठवड्यांनी दारात खुर्ची टाकून बसली आणि शेजारणीला म्हणाली, "आता म्या सहाच्या सहा घेते बघ." शेजारणीनं कशानं फरक पडला विचारलं, तर ती माझ्याकडं बघून गप्प बसली. तिच्या तोंडावर हसू होतं. गुपित सांभाळणाऱ्या लहान मुलीसारखं.

मी मात्र त्या आठवड्यात नीट झोपलो नाही. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या होत्या. मात्रा कमी झाली होती, थंड वस्तू बंद झाल्या होत्या आणि भुकटी सुरू झाली होती. फरक कशानं पडला हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. काट्यावर ड्रायव्हर, क्लीनर खाली उतरल्याशिवाय मी वजन घेत नाही. वर कोण बसलंय हे माहीत नसेल तर आकडा दिसतो, पण तो मालाचा नसतो.

चौथ्या डोसच्या आधी डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि खूश झाले. "छान सोसलं तुम्ही. मग ह्या वेळी मात्रा पूर्ववत करू या का?"

"करा," ती लगेच म्हणाली. "पुरं द्या. मला काय होत न्हाय."

डॉक्टरांनी लिहायला पेन उचललं. ते जे ठरवत होते ते अर्ध्या माहितीवर ठरवत होते. मी म्हणालो, "डॉक्टर, एक सांगायचं राहिलंय. ती एक झाडपाल्याचं औषध घेते आहे. जुलाब होऊ नयेत म्हणून."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती टेबलाच्या कडेकडं बघत राहिली.

"काय आहे त्यात?"

"माहीत नाही."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "जुन्या औषधांत काही नाही असं मी म्हणत नाही. ह्याच जुलाबांवर झाडपाल्याची औषधं तपासून बघितली जातात, बाहेरच्या देशांतही. पण तिथं आत काय आहे ते ठाऊक असतं. काही पाल्यानं केमो अंगात जास्त साठतं, काहींनी लवकर निघून जातं. ही भुकटी जुलाब थांबवताना केमोलाच अडवत असेल तर? मग हे सगळं सोसून उपयोग काय?" त्यांनी मात्रा कमीच ठेवली आणि भुकटी ह्या वेळी बंद ठेवायला सांगितली. गोळ्या मात्र पहिल्याच जुलाबाला घ्यायच्या. "म्हणजे आपल्याला कळेल."

मला ते पटलं. आम्ही परतीच्या जीपमध्ये बसलो. इटकळ गाव मागं पडल्यावर ती म्हणाली, "झालं तुमचं समाधान?"

"त्यांना माहीत नको का?"

"मला बरं वाटत होतं. तेवढं पुरं न्हवतं का तुमाला?"

चौथ्या डोसनंतर तिसऱ्याच दिवशी सुरू झालं. मी घरीच होतो. पहिल्या जुलाबाला दोन गोळ्या दिल्या, नंतर सांगितल्याप्रमाणे देत राहिलो. मीठ-साखरेचं पाणी, पेज, सगळं वेळेवर. कशात कसूर नव्हती. तरी नऊवर गेलं, दुसऱ्या दिवशी बारावर. पुन्हा सोलापूर, पुन्हा सलाईन.

तिथल्या कॉटवर, हाताला सुई लावलेली असताना, ती मामींना म्हणाली, "आई, गुण गेला. ह्यांनी सांगितलं अन् गेला." माझ्यासमोर, पण मला नाही. मी तिथं नसल्यासारखं.

मामी म्हणाल्या, "त्यो म्हातारा म्हनलाच व्हता."

मी डॉक्टरांना विचारलं, भुकटीनंच मागच्या वेळी थांबलं होतं का? ते म्हणाले, असेलही. पण प्रत्येक डोस सारखा जात नाही. आतड्याचं अस्तर झिजत गेलं की पुढचे जड जातात. एका वेळेवरून सांगता येत नाही. बरोबरच होतं ते. भुकटीसकट एक डोस, भुकटीशिवाय एक डोस. दोन आकड्यांवरून मी कुठल्या गाडीबद्दल छाती ठोकून बोललो नसतो. पण घरात तिघंजण होतो आणि त्यांतल्या दोघींना सांगता येत होतं.

उरलेली एक पुडी घेऊन मी तुळजापूरच्या एका आयुर्वेदाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली. कुड्याची साल असावी, बेलफळाचा गर असावा, बाकीचं चाखून सांगता येणार नाही, म्हणाले. कुड्याच्या गोळ्या मिळतात, पण केमोवाल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देणार नाही, असंही म्हणाले. मी तीही नावं सोलापूरला सांगितली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि लिहून ठेवलं. द्या म्हणाले नाहीत. घरी बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "दुकानातल्या गोळ्या मला नकोत. मला त्याच्या हातचं पायजे. जा अन् घिऊन या."

"त्यानं विचारलं तर?"

"तर न्हाय म्हना. कुनाला सांगितलं न्हाय म्हना. एवढं करा माज्यासाठी."

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. ओट्यावर गर्दी होती. मी शेवटी बसून राहिलो. वाटेत मी पक्कं केलं होतं काय बोलायचं ते. दोन शब्दांचं काम होतं. माझी पाळी आली तेव्हा म्हाताऱ्यानं ओळखलं.

"बाई कशी हाय?"

"पहिल्यांदा चांगला गुण आला. दुसऱ्यांदा दिलं नाही, तर फार झालं."

"का दिलं न्हाय?"

मी पिशवीतला नारळ चाचपला. त्याला तेवढ्यानंही समजलं असतं, पण त्यानं विचारलंच. "कुनाला सांगितलं का?"

"डॉक्टरांना सांगितलं," मी म्हणालो. "आणि आणखी एका वैद्यांना दाखवलं."

ते कसं बाहेर पडलं हे मला आजही सांगता येत नाही. मी खरं बोलायचं म्हणून बोललो असं नाही. खोटं तोंडात तयार होतं, आणि तोंड उघडल्यावर जे आलं ते हे.

म्हातारा बराच वेळ स्वतःचे गुडघे चोळत बसला. मग म्हणाला, "पावणं, आता म्या दिलं तरी ती माती हाय."

"तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

"माज्या बापानं मला दिलं तवा हेच सांगून दिलं. माती हाय ठाऊक असताना पुडी बांधून दिऊ व्हय? तुमच्या बाईला?"

"मग झाडाचं नाव तरी सांगा. डॉक्टर तपासून घेतील, मग उघडपणे देता येईल."

"आन् हे?" त्यानं ओट्याकडं हात केला. कडेवर मूल घेतलेली एक बाई, काठी धरलेला एक म्हातारा, आणखी दोघं-तिघं. "ह्यांना उद्या काय दिऊ?"

त्याच्याशी भांडावं असं त्यात काही नव्हतं. तो त्याच्या जागी माझ्याइतकाच काटेकोर होता. मी नारळ ओट्यावर ठेवला. त्यानं तो उचलून परत माझ्या पिशवीत घातला.

घरी आल्यावर ती दारातच होती. हात रिकामे बघून तिनं विचारलं, "न्हवता का घरी?"

तेव्हाही एक रस्ता होता. मी म्हणालो, "होता. त्यानं विचारलं आणि मी खरं सांगितलं."

ती ओरडली नाही. खुर्चीचा हात धरून हळूहळू बसली. "तीस वर्षं झाली," ती म्हणाली. "आपल्या पोरीला बघायला आलेल्या लोकांना सांगितलंत, तिला चष्मा हाय, ती रागीट हाय. भावाला जमिनीच्या वाटणीत सांगितलंत, विहीर त्याच्या वाट्याला जाती. लोक तुमच्या काट्याला येत्यात त्याचमुळं. ते सगळं म्या चालवून घेतलं. पण ह्या एका वक्ताला, माज्या पोटासाठी, एक खोटं बोलायला काय झालं होतं तुमाला?"

मामी आतून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. त्यांचा सोभावच हाय त्यो."

"तेच म्हनायले म्या," ती म्हणाली.

पाचवा डोस आणखी कमी मात्रेनं दिला. नुसत्या गोळ्यांवर. सहा-सात वेळा, रोज, दहा दिवस. भरती करावं लागलं नाही एवढंच. वजन एक्केचाळीसवर आलं. ती संडासाच्या दारापाशी सतरंजी टाकून तिथंच पडून राहायची, परत कॉटपर्यंत यायचं नको म्हणून. मी शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसत असे. कधी ती हात पुढं करायची, मी उठवायचो.

सहाव्या डोसच्या तारखेला डॉक्टर म्हणाले, "देता येईल, अगदी कमी देता येईल. किंवा इथं थांबून स्कॅन करू. दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा." आणि सवयीनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"त्यांना नका विचारू," ती म्हणाली. "ते दोनी बाजू सांगत बसतील. पोट माजं हाय. नको आता." मग थोडं थांबून, "अंगात बळ न्हाय, डॉक्टर. असतं तर घेतला असता." ती पहिल्यांदाच त्यांच्याशी भांडणाचा सूर सोडून बोलत होती.

डॉक्टरांनी मान हलवली आणि स्कॅनची चिठ्ठी लिहिली.

स्कॅन झालं. रिपोर्ट दोन दिवसांनी मिळणार होता. मामी म्हणाल्या, त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, जाऊन आणेल, जावयाला परत कशाला सोलापूरला पाठवता. बायको कॉटवर पडली होती. तिथूनच म्हणाली, "न्हाय. त्याला पाठवलं तर वाटंतच ठरवून यील काय सांगायचं ते. ह्यांनाच जाऊ द्या." आणि मला म्हणाली, "डॉक्टर जे म्हनतील ते सगळं ऐका. अन् मला तसंच्या तसं सांगा."

मी गेलो. डॉक्टरांनी पडद्यावर दोन्ही स्कॅन शेजारी-शेजारी लावून दाखवले. एक ठिपका होता तेवढाच होता. दुसरा वाढला होता. ऑपरेशनचा विचार आता करता येणार नव्हता. मी विचारलं, मात्रा पुरी जमली असती तर? भुकटी चालू ठेवली असती तर? ते म्हणाले, "मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं मी सांगणार नाही."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा मामी चुलीपाशी होत्या. बायकोनं हातानं दार लोटून घ्यायची खूण केली. मी कॉटच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं, ज्या क्रमानं डॉक्टरांनी सांगितलं त्या क्रमानं. मधे तिनं मला अडवलं नाही.

"वाढला म्हंजी केवढा?"

"पावणेतीन सेंटीमीटर."

"मला त्यातलं काय कळत न्हाय. बोटावर दावा."

मी तिचाच हात घेतला. अंगठ्याच्या टोकापासून मोजत पहिल्या पेराच्या जरा अलीकडं आलो आणि तिथं बोट ठेवलं. ती त्या जागेकडं बघत राहिली.

"अन् आता काय द्यायचं म्हनाले?"

"दुसऱ्या गोळ्या. घरीच घ्यायच्या. त्यांनी पोटाला एवढा त्रास होत नाही. पण त्यांचा जोरही तेवढा नाही."

"बरं," ती म्हणाली. तिनं हात काढून घेतला नाही. "आईला आज काय बोलू नका. जेऊ द्या तिला. सकाळी म्या सांगते."